ओक्लाहोमा २४-१! मग निकाल लागला का?

डेक्कनचा_पॉइंटगार्ड (धागाकर्ता)

२०२५-२६ च्या एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) हंगामात ओक्लाहोमा सिटीने २५ पैकी २४ सामने जिंकले आणि आमच्या बास्केटबॉलच्या ग्रुपवर निम्म्या लोकांनी हंगाम संपल्याचं जाहीर करून टाकलं. 'ट्रॉफी देऊन टाका, बाकीच्यांनी घरी जावं.' मग १३ डिसेंबर २०२५ ला, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी, लास व्हेगासला एनबीए कपच्या (हंगामाच्या मध्येच होणारी छोटी स्पर्धा) सेमीफायनलमध्ये सॅन अँटोनियोने त्यांना १११-१०९ असं हरवलं. तासाभरात त्याच मंडळींचं सुरू झालं की ओक्लाहोमाची हवा गेली. मला दोन्ही मतं पटत नाहीत, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं. हंगाम ८२ सामन्यांचा आहे. पहिल्या २०-२५ सामन्यांच्या तक्त्यावरून कुठल्याही संघाबद्दल ठाम मत बनवू नये. वरच्याबद्दल नाही आणि खालच्याबद्दल तर अजिबात नाही.

गेल्या हंगामाचं, २०२४-२५ चं, उदाहरण घ्या. क्लीव्हलँडने पहिले १५ सामने सलग जिंकले. त्याच काळात इंडियाना चाचपडत होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर त्यांचा हिशेब १० विजय आणि १५ पराभव असा होता. तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी इंडियानाला मोडीत काढलं होतं. त्यांचा मुख्य गार्ड हॅलिबर्टन संपला, आदल्या वर्षी कॉन्फरन्स (लीगचा पूर्व किंवा पश्चिम गट) फायनलपर्यंत गेले तो योगायोग होता, वगैरे. पुढे काय झालं? उरलेल्या ५७ पैकी ४० सामने जिंकून इंडियाना ५०-३२ वर पोचली. प्लेऑफच्या (हंगामानंतरची बाद फेरी) दुसऱ्या फेरीत तिची गाठ पडली ती ६४ सामने जिंकलेल्या क्लीव्हलँडशीच, आणि इंडियानाने ती मालिका ४-१ अशी जिंकली. तिथून फायनल आणि फायनलचा सातवा सामना.

आता त्या १०-१५ च्या मागे काय होतं ते बघा. वाइझमनची पहिल्याच सामन्यात अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली. दहा दिवसांत आयझाया जॅक्सनचीही तुटली. म्हणजे राखीव सेंटर दोन्ही गेले. नेस्मिथ घोटा दुखावून दोन-अडीच महिने बाहेर, नेम्बहार्ड गुडघ्यामुळे आतबाहेर. तक्त्यात यातलं काहीही दिसत नाही. तिथे फक्त १०-१५ दिसतं आणि माणूस त्यावरून 'संघात दम नाही' म्हणून मोकळा होतो.

उलट बाजूही आहे. त्याच हंगामात फिनिक्स ८-१ वर होतं. त्यांचा स्टार ड्युरँटची पोटरी दुखावली आणि हंगाम ३६-४६ वर संपला, प्ले-इनसुद्धा (सातव्या ते दहाव्या क्रमांकांची प्लेऑफसाठीची पात्रता फेरी) नाही. २०२२-२३ मध्ये युटा १०-३ वरून ३७-४५ वर आलं.

सकाळी पाच-साडेपाचला उठून सामने बघणारे आपण लोक. निदान आपण तरी तक्त्याच्या पलीकडे बघावं.

---

जुना_शिकागोवाला

असहमत. आणि थोडं सविस्तर लिहितो, कारण तू सोयीची उदाहरणं निवडली आहेस.

खरोखर जबरदस्त सुरुवात म्हणजे ८-१ किंवा १०-३ नव्हे. जबरदस्त सुरुवात कोणाची होती ते सांगतो. १९६९-७० चं न्यूयॉर्क: २३-१. विजेते. १९९३-९४ चं ह्यूस्टन: पहिले १५ सलग, मग २२-१. विजेते. १९९५-९६ चं शिकागो: ४१-३. शेवट ७२-१० आणि विजेते. २०१४-१५ चं गोल्डन स्टेट: २१-२. विजेते. अपवाद आहे तो २०१५-१६ च्या गोल्डन स्टेटचा. २४-० ने सुरुवात, ७३-९ चा विक्रम आणि फायनलमध्ये ३-१ ने पुढे असताना क्लीव्हलँडकडून ४-३ असा पराभव. पण तेही फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत गेलेच ना? त्याला 'सुरुवात फसवी निघाली' म्हणायचं असेल तर आपलं बोलणंच खुंटलं.

शितावरून भाताची परीक्षा करतात ती उगाच नाही. ८-१ वाले अधूनमधून निघतातच, त्यांच्याबद्दल थांबा म्हण, माझी हरकत नाही. पण २४-१ हा आकडा एनबीएच्या इतिहासात एका हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच संघांच्या आसपास गेलाय. त्यालाही 'थांबा, बघू' म्हणणं म्हणजे समोरचं बघायला नकार देणं.

---

डेक्कनचा_पॉइंटगार्ड

काका, तुमची यादी चोख आहे आणि ओक्लाहोमा यंदाचा सर्वांत चांगला संघ आहे हे मीही म्हणेन. पण तुम्ही यादीत फक्त शिखरावरचे घेतलेत. लीगमध्ये ३० संघ आहेत. चर्चा होते ती उरलेल्या २९ बद्दलही, आणि तिथे पहिला महिना माणसाला हमखास चकवतो. २०२१-२२ चं बोस्टन जानेवारीत १८-२१ वर होतं. टेटम आणि ब्राउन या त्यांच्या दोन मुख्य खेळाडूंना वेगळं करा, एकाला विका, अशी ओरड होती. मग ३३-१० अशी दौड, शेवट ५१-३१ आणि फायनल. व्यवस्थापनाने जानेवारीतल्या ओरड्याला भीक घातली असती तर २०२४ चं विजेतेपद कुठून आलं असतं?

---

आकडेमोड_वनाज

दोघंही विजय-पराभवच मोजताय. तो आकडा सुरुवातीला सगळ्यात जास्त फसवतो. संघ किती फरकाने जिंकतोय आणि किती फरकाने हरतोय ते बघा.

दोन-तीन गुणांनी सुटलेल्या सामन्यांत नशिबाचा वाटा फार असतो. शेवटच्या पाच सेकंदांत एखादा थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) रिंगवर आपटून आत जातो किंवा बाहेर. असे पाच सामने एका बाजूला पडले की १२-८ चा संघ १७-३ दिसायला लागतो. सरासरी गुणफरक त्या मानाने लवकर स्थिरावतो. ओक्लाहोमाबद्दल माझी खात्री आहे ती त्यामुळे. गेल्या हंगामात त्यांचा सरासरी फरक सामन्याला १२.९ गुणांचा होता, तो लीगचा विक्रम आहे. यंदा कपच्या क्वार्टरफायनलमध्ये फिनिक्सला १३८-८९ असं धुतलं, ४९ गुणांनी. हे नशिबाने होत नाही.

दुसरी गोष्ट, प्रतिस्पर्ध्याचे थ्री किती टक्के पडतायत ते बघा. डिफेन्सच्या हातात असतं ते समोरच्याला थ्री मारायला किती मोकळीक द्यायची, हे. एकदा चेंडू हातातून सुटला की तो आत जाणार की नाही यावर डिफेन्सचा ताबा फार थोडा. त्यामुळे पहिल्या महिन्यात एखाद्या संघाविरुद्ध सगळ्यांचेच थ्री चुकत असतील तर त्या संघाचा डिफेन्स कागदावर भक्कम दिसतो. जानेवारीत तेच शॉट पडायला लागतात आणि लोक विचारतात, 'डिफेन्सला काय झालं?' बहुतेक वेळा डिफेन्स होता तसाच असतो.

आणि वेळापत्रक. ४१ सामने घरचे, ४१ बाहेरचे, पण ते काही एकाआड एक येत नाहीत. कोणाचे पहिल्या वीसपैकी बारा-तेरा घरच्या कोर्टवर असतात, तर कोणी सलग दोन रात्री दोन शहरांत खेळत फिरत असतं. तक्ता वाचायच्या आधी एवढं तरी बघावं.

---

कर्वेनगर_कट्टा

तुमचं सगळं वाचलं. पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये. ऑक्टोबरमधला विजयही एक विजय असतो आणि एप्रिलमधलाही एकच. 'सुरुवातीवरून ठरवू नका' म्हणता म्हणता आपण सुरुवातीला महत्त्वच नाही असं म्हणायला लागतो, आणि ते साफ चूक आहे.

२०२४-२५ ची वेस्ट (पश्चिम) कॉन्फरन्स आठवा. लेकर्स, डेन्व्हर, क्लिपर्स तिघेही ५०-३२. मिनेसोटा ४९-३३. गोल्डन स्टेट ४८-३४. तिसऱ्या आणि सातव्या क्रमांकात फक्त दोन विजयांचं अंतर! सहावा थेट प्लेऑफमध्ये, सातव्याला प्ले-इन. गोल्डन स्टेट शेवटच्या दिवशी क्लिपर्सशी जादा वेळेत हरलं म्हणून सगळे त्या सामन्याला दोष देतात. अरे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सोडलेला एखादा सामना जिंकला असता तर तो शेवटचा दिवस आलाच नसता. माझ्या मते सुरुवातीचे सामने कोण गांभीर्याने घेतं यातच संघाची शिस्त कळते.

---

आकडेमोड_वनाज

@कर्वेनगर_कट्टा, विजय मोलाचा आहे हे शंभर टक्के मान्य. पण 'हा विजय मोलाचा' आणि 'या विजयावरून पुढचं कळतं' ही दोन वेगळी विधानं आहेत. धागा दुसऱ्याबद्दल आहे.

---

लेफ्टहँड_लेअप

कॉलेजकडून आणि नंतर क्लबकडून बरीच वर्षं खेळले, त्यामुळे थोडं कोर्टच्या आतून लिहिते.

सुरुवातीच्या सामन्यांवरून मत बनवता येतं. फक्त ते स्कोअरबोर्डवरून बनवू नये. मी पहिल्या दहा सामन्यांत तीन गोष्टी बघते. एक, पिक-अँड-रोलवर (एकाने बचावपटूला अडवायचं आणि मग रिंगकडे वळायचं, ही चाल) आपला सेंटर बाहेर आला की मागची जागा कोण भरतंय आणि किती पटकन. हे एकमेकांशी बोलल्याशिवाय होत नाही आणि न बोलणारा संघ लगेच उघडा पडतो. दोन, मुख्य खेळाडू बेंचवर असताना पाच-सहा मिनिटं संघ तग धरतो का. तीन, टर्नओव्हर झाल्यावर, म्हणजे चेंडू समोरच्यांकडे गेल्यावर, किती जण परत धावतात. धावणं हे नशिबावर नसतं, दुखापतींवर फारसं नसतं. ऑक्टोबरमध्ये जो संघ परत धावत नाही तो मार्चमध्ये धावायला लागलेला मी क्वचित पाहिलाय.

याच कारणासाठी मला डेट्रॉइटबद्दल इथे कोणी काही लिहिलं नाही याचं वाईट वाटलं. २०२३-२४ मध्ये हाच संघ सलग २८ सामने हरला होता, हंगाम १४-६८. मग बिकरस्टाफ प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढच्या हंगामात ४४-३८. यंदा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर सलग १३ विजय, ती मालिका बोस्टनने ११७-११४ अशी तोडली. लोक म्हणतात यांचे थ्री पडत नाहीत, टिकणार नाहीत. मला मात्र यात टिकाऊपणाच दिसतो. ते जिंकतायत ते रिंगजवळच्या गुणांवर, आक्रमक रिबाउंडवर आणि डिफेन्सवर. बाहेरच्या शॉटचा एखादा वाईट दिवस अशा संघाला बुडवत नाही. त्यांचा मुख्य गार्ड केड कनिंगहॅम २८ पराभवांच्या त्या काळातही तिथेच होता. तो आज ज्या शांतपणे शेवटची दोन मिनिटं खेळवतो, ते बघण्यासारखं आहे. सामने पूर्ण बघा, रील्सवर डंक आणि थ्री दिसतात, परत धावणारे पाय दिसत नाहीत.

---

बालेवाडी_बेसलाइन

ताईंशी पूर्ण सहमत. मुलांना शिकवतो म्हणून सांगतो, परत धावण्याचा मुद्दा सोन्यासारखा आहे.

आणि मूळ धाग्यालाही माझा पाठिंबा आहे, वेगळ्या कारणाने. घाईचा निवाडा वरून खाली झिरपतो. मोसमातले पहिले दोन सामने गेले की पालक विचारतात, 'हिला बसवून तिला का नाही खेळवत?' नवीन पाच जणींना एकमेकींच्या सवयी कळायला वेळ लागतो. कोणाला पास छातीवर हवा, कोणाला बाउन्सवर, कोण कट मारताना डावीकडे झुकते. तेवढा वेळ न देता संघ बदलला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

---

जुना_शिकागोवाला

वाचतोय सगळं. मत बदललं नाही, उलट पक्कं झालं. ओक्लाहोमाने यातले पहिले १९ सामने जेलन विल्यम्सशिवाय खेळले, त्याच्या मनगटाची शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे संघातला दुसरा मोठा खेळाडू नसताना ही अवस्था. तुमच्याच नियमाने, दुखापती धरून हिशेब केला, तर हा २४-१ दिसतो त्याहून मोठा आहे. दुखापतीचं कारण फक्त हरणाऱ्यांसाठी का वापरायचं?

आणि शिकागोचे तेव्हाचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांचा जुना ठोकताळा मला अजून पटतो. जो संघ २० पराभव व्हायच्या आत ४० विजय मिळवतो, विजेतेपदासाठी त्याचाच विचार करावा.

---

डेक्कनचा_पॉइंटगार्ड

काका, विल्यम्सचा मुद्दा जोरदार आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ४०-२० च्या ठोकताळ्याने १९९४-९५ चं ह्यूस्टन बाद होतं. त्यांचा गार्ड ड्रेक्सलर फेब्रुवारीत आला, ४७-३५, कॉन्फरन्समध्ये सहावे आणि तरी विजेते. गेल्या वर्षीची इंडियानाही बाद होते, आणि ती ओक्लाहोमाला सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेली. त्या सामन्यात हॅलिबर्टनची अकिलीस पहिल्याच क्वार्टरमध्ये गेली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

---

कर्वेनगर_कट्टा

तीच इंडियाना यंदा तळाजवळ आहे. आता त्यांनाही थांबून बघायचं?

---

लेफ्टहँड_लेअप

@कर्वेनगर_कट्टा, हो, पण यंदासाठी नाही. हॅलिबर्टन पूर्ण हंगाम बाहेर आहे, सेंटर मायल्स टर्नर मिलवॉकीला गेला. यंदाचा तक्ता त्यांच्याबद्दल खरंच बोलतोय. तरी हा संघ संपला असं मी म्हणणार नाही, कारण सियाकम आणि नेम्बहार्ड यांच्याभोवतीची रचना तीच आहे आणि प्रशिक्षक कार्लाइलही.

त्या न्यायाने क्लीव्हलँडलाही थोडा न्याय द्या. गेल्या प्लेऑफमध्ये इंडियानाशी पहिले दोन सामने ते त्यांच्या गार्ड गार्लंडशिवाय खेळले, आणि दुसऱ्यात मोब्ली आणि हंटर हे खेळाडूही नव्हते. तरी तो दुसरा सामना ११९-१२० असा फक्त एका गुणाने गेला. त्यांची १५-० ची सुरुवात खोटी नव्हती.

---

आकडेमोड_वनाज

पुढची परीक्षा फार लांब नाही. ओक्लाहोमा आणि सॅन अँटोनियो २३ डिसेंबरला आणि मग नाताळला पुन्हा समोरासमोर आहेत, नाताळचा सामना आपल्याकडे २५ च्या मध्यरात्रीनंतर एक वाजता. लास व्हेगासच्या सेमीफायनलला सॅन अँटोनियोचा उंच सेंटर वेम्बान्यामा पोटरीच्या दुखापतीतून नुकताच परतला होता आणि बेंचवरून मोजकी मिनिटं खेळला. तो कोर्टवर असताना ओक्लाहोमाचे गार्ड रिंगपर्यंत जातात की मध्येच थांबून शॉट घेतात, एवढंच मी बघणार आहे. काका, तुमच्या २४-१ ला खरं उत्तर असलंच तर ते तिथे आहे.

---

जुना_शिकागोवाला

जागा राहीन. आणि तो सामना ओक्लाहोमा हरली तरी माझं मत हेच राहील, आत्ताच लिहून ठेवतो.