घरच्या घरी व्हील अलाइनमेंट: दोरी लावून टो किती अचूक मोजता येतो?

वारजे_बेसमेंट

मंडळी, गाडी साधी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. रिम १४ इंची, लोखंडी. दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्यांची चाकाकडची टोकं) नवे टाकलेत, माल नाना पेठेतला. जुने काढताना आटे मोजले आणि नवे तितकेच फिरवून बसवले, पण सरळ रस्त्यावर स्टेअरिंग डावीकडे साधारण १० अंश वाकडं राहतंय. दोन्ही पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजलीय. शिवाय स्टेअरिंग सोडलं की गाडी हळूहळू डावीकडे जाते.

सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यापुरता उतार आहे. तिथे दोरी लावून टो (चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किती आत किंवा बाहेर आहे ते) मोजला तर भरवसा ठेवण्याजोगा आकडा मिळेल का? आणि मिळाला तर कोणता टाय रॉड किती फिरवायचा? कॅम्बरही (चाकाचा वरचा भाग आत की बाहेर किती कललाय तो कोन) बघावा लागेल का?

सतरा_एकोणीस

टो मिळेल, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. उताराचा टोवर फारसा परिणाम होत नाही, कॅम्बरवर मात्र नक्की होतो. पण आधी गाडी तपासा. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे चारही चाकांत भरा. मग पुढचं चाक उचला, घोडी लावा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही) आणि चाक तीन-नऊला धरून हलवा. खुळखुळलं तर टाय रॉड किंवा रॅक (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दात्यांचा दांडा). बारा-सहाला हललं तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. लोअर आर्मचे बुश टॉमीने ढकलून बघा. यातलं काहीही ढिलं असेल तर टो मोजण्यात अर्थ नाही, ब्रेक मारला की आकडा बदलतो.

सामान: सात फुटी ॲल्युमिनियमचे दोन चौकोनी पाइप, गवंडी वापरतात ती नायलॉनची लाइनदोरी, स्टीलची पट्टी, चार स्टुलं. दोरी आणि पट्टी रविवार पेठेत बोहरी आळीत मिळेल. दोन्ही पाइपांवर करवतीने दोन-दोन खाचा पाडा, खाचांमधलं अंतर दोन्ही पाइपांवर तंतोतंत सारखं. गाडीच्या रुंदीपेक्षा २०-२५ सेंटिमीटर जास्त ठेवा. एक पाइप गाडीपुढे, एक मागे, दोऱ्या हबच्या मध्याच्या उंचीवर ताणून बांधा. खाचा सारख्या असल्यामुळे दोन्ही दोऱ्या आपोआप समांतर होतात. आता पाइप डावी-उजवीकडे सरकवत पुढच्या दोन्ही हबपासून दोरीचं अंतर एकसारखं करा, मग मागच्या दोन्ही हबपासून. पुढचं आणि मागचं अंतर एकमेकांशी जुळणार नाही, जुळवूही नका. पुढच्या-मागच्या चाकांची ट्रॅक रुंदी बहुतेक गाड्यांत वेगळी असते. एक पाइप हलवला की दुसऱ्या टोकाचं अंतर थोडं बदलतं, म्हणून दोन-तीन वेळा मागेपुढे करावं लागतं. इथेच सगळा वेळ जातो.

रिमबद्दल. आपल्याकडच्या खड्ड्यांनी लोखंडी रिमची कड थोडीफार वाकलेली असतेच. चाक उचललेलं असतानाच विटेवर खिळा टेकवून रिमच्या कडेजवळ आणा, चाक फिरवा आणि समोरासमोरचे असे दोन बिंदू शोधा जिथे खिळ्यापासूनचं अंतर सारखं आहे. खडूने खुणा करा. मोजताना याच खुणा आडव्या, पुढे-मागे यायला हव्यात. हे टाळलं तर २ मिलिमीटरची चूक सहज येते आणि दोष दोरीला दिला जातो.

जॅकवरून उतरवल्यावर सस्पेन्शन ताणलेलंच राहतं. गाडी मीटरभर मागे ढकला, मग पुढे आणा आणि हाताने दाबून खाली-वर झुलवा. शेवटची हालचाल पुढच्याच दिशेने हवी. स्टेअरिंग सरळ धरून सीट बेल्टने बांधा आणि दोरीपासून रिमची पुढची कड, मागची कड मोजा. पुढची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर टो इन, जास्त जवळ असेल तर टो आउट. चारही चाकांचे आकडे इथे टाका, मग हिशोब करू.

ओळंबा_आणि_गुण्या

वरचं सगळं बरोबर. फक्त "गाडी डावीकडे जाते" हे टोच्या खात्यावर टाकू नका. पुढचा टो चुकला तर टायर घासतो, स्टेअरिंग वाकडं दिसतं, पण दोन्ही चाकं एकमेकांशी भांडून मध्येच येतात, त्यामुळे सहसा ओढ येत नाही. ओढ येते ती दोन बाजूंच्या कॅम्बर किंवा कॅस्टरमधल्या (चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या पुढे-मागे कलण्यातल्या) फरकामुळे, हवेच्या फरकामुळे, अडकलेल्या ब्रेक कॅलिपरमुळे किंवा टायरच्या आतल्या बांधणीमुळे. शिवाय पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला डाव्या कडेकडे उतार असतो, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं नॉर्मल आहे.

पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा. ओढ उजवीकडे गेली तर टायर दोषी, अलाइनमेंटवर खर्च करू नका. टायर दिशेचा बाण असलेला असेल तर मात्र ही अदलाबदल फक्त चाचणीपुरती. नाही बदलली तर पाच-सहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरत चालवा आणि दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघा. एक बाजू स्पष्ट गरम असेल तर कॅलिपर.

आतल्या कडेची झीज टो आउटमुळे की कॅम्बरमुळे, हे तळहात सांगतो. ट्रेडवरून हात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचत असेल तर टो. आतून बाहेर जाताना गुळगुळीत आणि बाहेरून आत येताना टोचलं तर टो आउट. दोन्हीकडून गुळगुळीत, तरी आतली कड बसलेली, तर कॅम्बर.

वारजे_बेसमेंट

हवा भरली, खुळखुळ कुठेच नाही. बाहेरून आत टोचतंय. खडूच्या खुणांवरचे आकडे, दोरीपासून मिलिमीटरमध्ये:

पुढचं डावं: पुढची कड १४४, मागची १४२
पुढचं उजवं: पुढची १३९.५, मागची १४६.५
मागची दोन्ही चाकं: १ मिलिमीटर टो इन

रॅक एक्सलच्या मागे आहे.

सतरा_एकोणीस

मागची दोन्ही सारखी म्हणजे मागचा एक्सल तिरका नाही. एक ३ इन आणि दुसरं ३ आउट असतं तर पुढे कितीही नीट केलं तरी स्टेअरिंग वाकडंच राहिलं असतं.

पुढे: डावं २ टो इन, उजवं ७ टो आउट. बेरीज ५ मिलिमीटर टो आउट, टायर खाण्याचं कारण हेच. डाव्या-उजव्यातल्या फरकामुळे स्टेअरिंग वाकडं. लहान गाड्यांमध्ये पुढचा टो बहुधा शून्याच्या आसपास असतो, तरी तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच लक्ष्य धरा. इथे शून्य धरतो.

टाय रॉडला दीड मिलिमीटर पिचचे आटे आणि स्टेअरिंग आर्म (टाय रॉड जिथे जोडतो तो चाकाकडचा दांडा) १३ सेंटिमीटरच्या जवळपास असेल, तर एका पूर्ण फेऱ्याला रिमच्या कडांवर साधारण ४ मिलिमीटर फरक पडतो. रॅक मागे असल्यामुळे टाय रॉड लांब केला की टो इन वाढतो. (रॅक एक्सलच्या पुढे असलेल्या गाडीत नेमकं उलट. हे न बघता पान्हा लावू नये.) म्हणजे उजवा टाय रॉड पावणेदोन फेरे लांब करा, डावा अर्धा फेरा आखूड. आधी दोन्हीकडे ठरलेल्या फेऱ्यांच्या अर्धंच फिरवा, गाडी पुढे-मागे करून परत मोजा आणि चाकाला फेऱ्यामागे प्रत्यक्ष किती मिलिमीटर मिळाले ते काढा. उरलेलं त्या हिशोबाने.

आधी आट्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारा, तासभर मुरू द्या. चेक नट (टाय रॉड आणि एंड जागेवर घट्ट धरणारा नट) बहुतेक १७, १९ किंवा २२ चा असतो. एक पान्हा टाय रॉड एंडवर उलटा धरूनच नट सोडवा, नाहीतर सगळा जोर बॉल जॉइंटवर जातो. रॅक बुटाची (रॅकच्या टोकावरच्या रबरी कव्हरची) बाहेरची क्लिप ढिली करून रॉडवर ग्रीस लावा. रॉड फिरताना बूट बरोबर पिळला गेला तर तो फाटतो, पावसाळ्यात रॅकमध्ये पाणी जातं आणि रॅकचं बिल टायरच्या बिलापेक्षा मोठं येतं. स्टेअरिंग चक्र काढून दात्यांवर सरळ बसवण्याची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. रॅक मध्यापासून सरकलेलाच राहतो आणि दोन्ही बाजूंना गाडी सारखी वळत नाही.

कात्रज_दुसरा_गियर

एक भर. टो बदलताना चाक जमिनीला घट्ट धरून बसतं आणि रॉड फिरवला तरी पूर्ण सरकत नाही, सोडल्यावर परत येतं. पुढच्या प्रत्येक चाकाखाली फूटभर चौकोनी ॲल्युमिनियमचे दोन पत्रे, मध्ये ग्रीस. मग दर वेळी गाडी ढकलायला लागत नाही, शेवटी एकदाच. पत्र्यांच्या जाडीइतकं मागच्या चाकांखालीही काहीतरी द्या. आणि पत्र्यावर असताना हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावाच.

ओळंबा_आणि_गुण्या

कॅम्बरचं उत्तर राहिलं. बघा जरूर, पण बदलण्याची सोय तुमच्याकडे बहुतेक नाहीच. लोअर आर्म वाकला नसेल आणि स्ट्रट-नकलचे (शॉकअपला चाकाच्या जोडाशी बांधणारे) बोल्ट कुणी सोडवले नसतील तर तो आपोआप बदलत नाही. फरशीची पातळी पाण्याच्या नळीने बघा, तफावत पत्रे किंवा प्लायच्या तुकड्यांनी भरा. मग सरळ पट्टी रिमच्या वरच्या-खालच्या कडांना टेकवून तिच्यावर डिजिटल अँगल मीटर ठेवा. पट्टी टायरच्या फुगीर भागाला टेकत असेल तर दोन्ही कडांवर एकाच जाडीचे ठोकळे द्या. मीटर नसेल तर ओळंबा सोडून वरच्या-खालच्या कडेचं अंतर मोजा. तुमच्या रिमवर साडेसहा मिलिमीटर म्हणजे जवळपास १ अंश. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर मशीनवर जा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. कॅस्टर घरी मोजण्याच्या भानगडीत पडू नका.

वारजे_बेसमेंट

झालं. उजवा दीड आणि थोडा, डावा अर्ध्याला किंचित कमी. आता एकूण अर्धा मिलिमीटर टो इन, स्टेअरिंग सरळ. टायर अदलाबदल केल्यावर ओढ उजवीकडे गेली, म्हणजे ती टायरचीच. चेक नट किती आवळायचा?

सतरा_एकोणीस

मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो, टॉर्क पान्ह्यानेच आवळा. आवळताना टाय रॉड एंड फिरू देऊ नका, बॉल जॉइंट त्याच्या हालचालीच्या मध्यावर असू द्या. नटावर आणि रॉडवर मिळून रंगाची एक रेघ ओढा, नट हलला तर रेघ तुटलेली दिसेल. मग पुन्हा एकदा टो मोजा, आवळताना अर्धा-एक मिलिमीटर हमखास सरकतो. गाडीला ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला तर स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरने शून्य करून घ्यावा लागेल.

कात्रज_दुसरा_गियर

आणि बुटाची क्लिप परत लावली ना?

वारजे_बेसमेंट

डावी लावली. उजवी लावायला चाललोय.