रिअल आयडी परवाना : पत्नीचे पासपोर्टवरील नाव, आय-९४ वरील तारीख आणि पत्त्याचा पुरावा

परसबाग यांचा प्रश्न

नमस्कार. माझी पत्नी एच-४ व्हिसावर (एच-१बी सारख्या कामाच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला मिळतो तो) अमेरिकेत आली असून तिचा रिअल आयडी, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची ओळखीची मानके पाळणारा, वाहन परवाना काढण्यासाठी आम्ही आमच्या राज्याच्या परवाना कार्यालयात दोनदा जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा कागदपत्रांच्या तपासणीतच अडकलो. दुसऱ्या वेळी खिडकीवरील बाईंनी पासपोर्ट, आय-९४ चा (अमेरिकेतील प्रवेश आणि वास्तव्याची मुदत यांच्या सरकारी नोंदीचा) छापील कागद, भाडेकरार आणि बँकेचे पत्र असे चार कागद एका ओळीत मांडले आणि छायाप्रतींवर पेन्सिलीने तिच्या नावाखाली रेघा ओढून दाखवल्या. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात तिचे आणि तिच्या वडिलांचे नाव एकत्र आहे आणि आडनाव माहेरचे आहे. भाडेकरारावर तिचे नाव आणि आमचे आडनाव आहे. बँकेच्या पत्रावर मधले नाव म्हणून माझे नाव आले आहे. आपल्याकडे कोणालाही ही एकच व्यक्ती आहे हे सांगावे लागणार नाही, पण त्या खिडकीवर त्या तीन वेगळ्या स्त्रिया ठरल्या.

शिवाय, तिला सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकारचा वैयक्तिक क्रमांक) मिळू शकत नाही, असे सोशल सिक्युरिटी खात्याचे पत्र आणायला सांगितले आहे. तिच्या आय-९४ वरील तारीखही माझ्या तारखेच्या चौदा महिने आधीची आहे, म्हणजे परवाना मिळाला तरी तो लवकर संपणार. यातले केंद्र सरकारच्या नियमात नेमके काय आहे आणि राज्याने स्वतःहून काय जोडले आहे, हे कोणी उलगडून सांगू शकेल का? आणि रिअल आयडीचा आग्रह सोडून साधा परवाना घेतला तर आमचे काही अडेल का?

जुना मुक्काम यांचे उत्तर

परसबाग, आपली चिडचिड समजते. मी या नियमांच्या वाचनात बराच वेळ घालवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ च्या अहवालात नोंदवले की एक सोडून सर्व हल्लेखोरांनी अमेरिकेतले कोणते ना कोणते ओळखपत्र मिळवले होते, त्यातली काही फसवणुकीने. जन्मदाखले आणि वाहन परवाने यांसारख्या ओळखपत्रांसाठी केंद्राने मानके ठरवावीत, अशी शिफारस त्या आयोगाने केली. त्यातून ११ मे २००५ रोजी रिअल आयडी कायदा झाला, आणि त्याचे तपशीलवार नियम जानेवारी २००८ मध्ये आले. प्रत्यक्ष अंमलबजावणीची तारीख वारंवार पुढे ढकलली गेली आणि विमानतळांवर ती अखेर ७ मे २०२५ पासून सुरू झाली. परवाना देण्याचा अधिकार पूर्वीप्रमाणे राज्याचाच आहे. केंद्र एवढेच म्हणते की राज्याने ही मानके पाळली नाहीत तर तो परवाना आम्ही देशांतर्गत विमानप्रवासासाठी किंवा केंद्राच्या कार्यालयांत प्रवेशासाठी ओळख म्हणून मानणार नाही.

आता नावाविषयी. नियमात ‘संपूर्ण कायदेशीर नाव’ याची व्याख्याच दिली आहे : पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव, आणि त्यात आद्याक्षरे किंवा घरगुती नावे चालत नाहीत. आपल्या पत्नीच्या बाबतीत ओळखीचा मूळ कागद म्हणजे व्हिसा आणि आय-९४ सह परदेशी पासपोर्ट. परवान्यावर जे नाव छापले जाईल ते या मूळ कागदावरूनच येणार. वेगळे नाव हवे असेल तर नावबदलाचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो कोणत्या न्यायालयाचा किंवा संस्थेचा चालेल हे ठरवण्याची मुभा नियमाने राज्याला दिली आहे. म्हणून महाराष्ट्रातले विवाह नोंदणी प्रमाणपत्र एका राज्यात खिडकीवर स्वीकारले जाते आणि शेजारच्या राज्यात नाकारले जाते. माझा आग्रहाचा सल्ला असा की सासरच्या आडनावाचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि बँक, भाडेकरार, विमा या सर्व ठिकाणी पासपोर्टवर जसे आहे तसेच, वडिलांच्या नावासकट, नाव करून घ्या. बँकेत हे काम सहसा एका भेटीत होते. घरमालकाकडून भाडेकराराला एक पानाची पुरवणी जोडून घेता येते.

पत्त्यासाठी केंद्राचा नियम इतकाच आहे की अर्जदाराचे नाव आणि राहण्याचा पत्ता असलेले किमान दोन कागद हवेत. ते कोणते, हे राज्य ठरवते. बऱ्याच राज्यांत पती किंवा पत्नीच्या नावचे कागद विवाहाच्या पुराव्यासह चालतात, तेव्हा आपल्या राज्याची यादी शब्दशः वाचा.

सोशल सिक्युरिटीच्या पत्राबाबत मात्र आपली शंका रास्त आहे. परदेशी पासपोर्टवर अर्ज करणाऱ्याने एकतर क्रमांक द्यावा किंवा आपल्याला कामाची परवानगी नाही हे दाखवावे, एवढेच केंद्राचा नियम म्हणतो. एच-४ चे कागद ही गोष्ट स्वतःच सांगतात. स्वतंत्र पत्राची मागणी राज्याची आहे. तरीही त्यावर वाद घालत बसू नका. पासपोर्ट आणि आय-९४ घेऊन सोशल सिक्युरिटी कार्यालयात गेलात तर ‘एसएसए-एल६७६’ नावाचे ते पत्र मिळते. (तिला एच-४ ची कामाची परवानगी मिळाली असेल तर हा प्रश्नच उरत नाही, कारण मग तिला क्रमांकच मिळेल.)

आय-९४ च्या लवकरच्या तारखेचे कारण बहुधा पासपोर्टमध्ये सापडेल. प्रवेशाच्या वेळी पासपोर्टची मुदत व्हिसाच्या आधी संपत असेल तर अधिकारी बऱ्याचदा आय-९४ ची मुदत पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देतात. ही चूक मानली जात नाही, त्यामुळे ती दुरुस्तीच्या अर्जाने बदलत नाही. नवा पासपोर्ट घेऊन पुन्हा प्रवेश करावा लागतो किंवा मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. परवाना तात्पुरत्या स्वरूपाचा असतो आणि कायदेशीर वास्तव्याच्या मुदतीपलीकडे जात नाही, हे कायद्यातच आहे. त्यामुळे परवान्याच्या आधी या तारखेकडे बघा, कारण तिच्या कायदेशीर वास्तव्याचा आधार तीच आहे.

शेवटचा प्रश्न सोपा आहे. गाडी चालवायला रिअल आयडी लागत नाही, आणि विमानतळावर भारतीय पासपोर्ट ओळख म्हणून चालतो. मात्र आपले राज्य साध्या परवान्यासाठीही जवळपास हेच कागद मागते का, ते आधी पाहा. कित्येक राज्ये मागतात.

अंगणवेल यांचे उत्तर

परसबाग, नावाची ही गोष्ट किरकोळ वाटून पुढे ढकलू नका, एवढेच सांगायला लिहिते आहे.

माझ्या जुन्या पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा होता आणि सगळे नाव एकाच रकान्यात होते. व्हिसा देताना माझे नाव आडनावाच्या जागी गेले आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ आले, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’. पुढे तेच आय-९४ वर आले आणि परवान्यावरही तेच छापले गेले. दवाखान्यात परिचारिका त्या तीन अक्षरांनी मला हाक मारायची, तेव्हा उठून उभे राहायला मला दर वेळी क्षणभर उशीर व्हायचा.

ते बदलायला मला दोन वर्षे लागली, आणि त्यात क्रम फार महत्त्वाचा ठरला. आधी भारतीय वाणिज्य दूतावासातून आडनावासह नवा पासपोर्ट घेतला, मग भारतभेटीत नव्या नावाने व्हिसा, परत येताना नवे आय-९४, त्यानंतर सोशल सिक्युरिटीची नोंद, आणि सर्वांत शेवटी परवाना. मी आधी एकदा घाईने थेट परवाना कार्यालयात गेले होते, तेव्हा इमिग्रेशनच्या नोंदीशी पडताळणी करणाऱ्या ‘सेव्ह’ या प्रणालीत नाव जुळले नाही आणि अर्ज पुढील तपासणीसाठी कित्येक दिवस पडून राहिला. परत आल्यावर विमानतळाबाहेर पडण्याआधीच फोनवर आय-९४ उघडून नावाचे प्रत्येक अक्षर तपासून घ्या. तिथे टंकनाची चूक असेल तर ती लगेच दुरुस्त होऊ शकते.

नदीकाठ यांचे उत्तर

जुना मुक्काम यांनी नियम अचूक सांगितले आहेत, परंतु त्यांतील एका गोष्टीबद्दल मला मनापासून आक्षेप आहे आणि तो इथे नोंदवावासा वाटतो.

माझ्या एच-१बी च्या मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल झाला होता. अशा वेळी जुनी मुदत संपल्यावरही २४० दिवसांपर्यंत त्याच कंपनीत काम करता येते, म्हणजे केंद्र सरकारला माझे इथे असणे आणि काम करणे मान्य होते. परवाना मात्र आय-९४ च्या तारखेलाच संपला. अर्जाची पोच मी कार्यालयात दाखवली, ती त्यांनी मानली नाही (काही राज्ये तिच्या आधारे थोडी मुदत देतात, आमच्या कार्यालयाने दिली नाही). सात आठवडे मी कामावर जाण्यासाठी सहकाऱ्याच्या गाडीवर अवलंबून होतो आणि मुलीला शाळेतून आणायला शेजाऱ्यांना विनंती करावी लागत होती. त्या सात आठवड्यांत माझी गाडी चालवण्याची क्षमता काही कमी झाली नव्हती.

ओळखीची मानके कडक असावीत, याला माझा विरोध नाही. आयोगाचा निष्कर्ष गंभीर होता. पण गाडी चालवता येते याचा दाखला आणि ही व्यक्ती कोण आहे याचा दाखला, हे दोन वेगळे प्रश्न या कायद्याने एकाच कार्डावर आणून ठेवले, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लांबले की पहिलेही हातातून जाते. कागदपत्रे मिळवणे ज्यांच्या हातात नाही त्यांच्यासाठी नियमात अपवादाची सोय आहे, पण कायदेशीर वास्तव्याच्या बाबतीत पर्यायी कागद फक्त अमेरिकी नागरिकत्व सिद्ध करण्यासाठीच चालतात. आपल्यासारख्यांना ते दार बंद आहे. म्हणून ज्या राज्यांत साध्या परवान्याची अट सौम्य आहे तिथे तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

परसबाग

सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच पासपोर्ट उघडून पाहिला : आय-९४ ची तारीख आणि पासपोर्टची तारीख एकच आहे. त्यामुळे पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज या आठवड्यातच करतो आहोत. नव्या पासपोर्टवरही माहेरचेच आडनाव ठेवायचे, असे पत्नीने ठरवले आहे. बँकेची वेळ सोमवारची मिळाली आहे आणि घरमालकांनी पुरवणी द्यायचे कबूल केले आहे. नदीकाठ, आमच्या राज्याची साध्या परवान्याची यादीही वाचली. तिथेही आय-९४ मागितले आहे, तेव्हा त्या वाटेने आमचा वेळ वाचणार नाही. अंगणवेल ताई, आपला क्रम लिहून फ्रीजवर लावला आहे.