मुलाखत की उलटतपासणी? वाहिनीकडे तक्रार केली आहे, तुमचं मत सांगा

सुमन, फोंडा (जून २०२५)

इस्रायल आणि इराणची क्षेपणास्त्रं एकमेकांवर झडताहेत आणि आखातातल्या तेलाच्या जहाजांची वाट असलेली होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार का, हा प्रश्न सगळीकडे चाललाय. गोव्यात ही बातमी परक्या मुलखाची राहत नाही. गावोगाव कोणी ना कोणी बोटीवर असतोच. आमच्या वाड्यावरच्या एका सुनेचा नवरा आखातात तेलाच्या जहाजावर आहे. परवा रात्री एका राष्ट्रीय हिंदी वाहिनीने तिला व्हिडिओ कॉलवर थेट कार्यक्रमात घेतलं.

मी तिच्या शेजारीच बसले होते. तिला सांगितलं होतं की दोन मिनिटं बोला, तुमचा आवाज सरकारपर्यंत पोहोचेल. पडद्यावर तिचा चेहरा एका कोपऱ्यात, बाकी सगळीकडे आगीचे लोळ, आणि मागे भोंगा. "तीन दिवस नवऱ्याचा फोन नाही, कंपनीही नीट सांगत नाही, सरकारकडून कोणी विचारलं तर बरं होईल," एवढंच ती म्हणाली. अँकरने तिला मध्येच तोडलं. पगार घेताना धोका माहीत नव्हता का, असं विचारलं. ती गप्प झाली, तर पुन्हा तोच प्रश्न वरच्या पट्टीत. मग देश संकटात असताना सरकारला दोष देऊ नका, अशी समज देऊन कॉल तोडला. खाली पट्टी फिरत राहिली: "खलाशाच्या पत्नीचा सरकारवर सवाल".

गेल्याच महिन्यात नागरी संरक्षण महासंचालनालयाने वाहिन्यांना सूचना दिली होती की हवाई हल्ल्याचा भोंगा कार्यक्रमात वाजवू नका. तोही वाजवला. मी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला आहे. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव, कोणत्या मिनिटाला काय झालं, सगळं लिहिलं आहे. ज्यांनी तो कार्यक्रम पाहिला, त्यांनीही लिहावं. वाहिनी स्वनियमन संस्थेची (वाहिन्यांनीच आपल्यावर लक्ष ठेवायला उभी केलेली संस्था) सदस्य असेल तर प्रसारणापासून सात दिवसांत तक्रार जावी लागते, म्हणून घाई करते आहे.

दत्ताराम, म्हापसा

सुमनताई, त्या सुनेला झाला तो मनस्ताप वाईटच. पण तुम्ही सांगताय तो मार्ग मला पटत नाही. मी बरीच वर्षं बातमीदारी केली. प्रश्न कडक विचारला म्हणून तक्रार, हे एकदा रुळलं की पुढच्या वेळी मंत्र्याला प्रश्न विचारणाऱ्यावरही तोच दगड येतो. जानेवारी २०२४मध्ये ब्रिटनच्या टॉकटीव्हीवर ज्युलिया हार्टली-ब्रूअर यांनी पॅलेस्टिनी नेते मुस्तफा बर्गौती यांची मुलाखत घेतली. आरडाओरडा झाला, आणि तुम्हाला बायकांनी बोललेलं ऐकायची सवय नसावी, असंही त्या बोलल्या. ऑफकॉम या नियामकाकडे पंधरा हजारांवर तक्रारी गेल्या. ते वाक्य हीनच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण पंधरा हजारांपैकी किती जणांनी अख्खी मुलाखत पाहिली असेल आणि किती जणांनी फिरत आलेला तुकडा? असा लोंढा आला की संपादक घाबरतो. घाबरलेला संपादक पहिली काट प्रश्नांनाच लावतो.

गोव्याला हे सांगायला नको. पोर्तुगीज अमदानीत इथल्या सरकारी आकाशवाणीवर सत्तेला एकही प्रश्न जात नव्हता. म्हणूनच १९५५ ते १९६१ लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांना सीमेपलीकडच्या रानातून भूमिगत रेडिओ चालवावा लागला.

सुमन, फोंडा

दत्ताबाब, बर्गौती पक्ष चालवणारे नेते आहेत, रोज कॅमेऱ्यासमोर उभे राहतात. तिथे अँकरने उलटसुलट विचारावं, मला मान्य. आमची सून कोणाची प्रवक्ती? तिने कोणता निर्णय घेतला, ज्याचा जाब द्यायचा? तुम्ही ज्या भूमिगत रेडिओचं नाव घेतलंत, तो सत्तेला प्रश्न विचारत होता. इथे अँकरने सत्तेच्या वतीने एका बाईला गप्प केलं. या दोन्हींना एकाच मापाने मोजू नका.

कायतान, वास्को

मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालो. १९९०मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझा भाऊ तिथे अडकला होता. आम्हा घरच्यांना आठवडेच्या आठवडे काही कळत नव्हतं. पुढे एअर इंडियाने अम्मानमार्गे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय बाहेर काढले, त्यात गोंयकार पुष्कळ. तेव्हा कोणी आईला विचारलं नाही की पोराला कुवेतला कशाला धाडलंत. आजच्या पत्रकाराला ते विचारावंसं वाटतं, याचं मला वाईट वाटतं. आणि आणखी एक धोका कोणी बोलत नाही. जहाजाचं नाव, कंपनी, ते कुठल्या पाण्यात आहे, हे थेट कार्यक्रमात विचारतात. घाबरलेलं घरचं माणूस सगळं सांगून टाकतं. एप्रिल २०२४मध्ये इराणने एमएससी एरीज हे मालवाहू जहाज पकडलं तेव्हा त्यावर सतरा भारतीय होते. अशा वेळी घरच्यांनी कॅमेऱ्यावर तपशील देणं खलाशालाच महागात पडू शकतं.

रश्मी, डिचोली

तक्रार करून होणार काय? स्वनियमन संस्था फार तर एक लाखाचा दंड लावते. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की एवढ्या दंडाने वाहिनीला काही वाटणार नाही. सगळ्या वाहिन्या तिच्या सदस्यही नाहीत. त्यापेक्षा टीव्ही बंद करा.

अवधूत, पणजी

रश्मी, दंड लहान आहे, पण त्या संस्थेचा आदेश दंडापुरता नसतो. व्हिडिओ संकेतस्थळावरून आणि यूट्यूबवरून काढायला लावतात, माफी दाखवायला लावतात. त्या सुनेला हवं आहे ते नेमकं हेच, कारण तिचा रडका चेहरा अजून फिरतोय. २०२१पासून केबल टीव्ही नियमांतही तक्रारीच्या तीन पायऱ्या आहेत: आधी वाहिनी, मग तिची स्वनियमन संस्था, मग केंद्र सरकार. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

शिवाय युद्धात हाती लागलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर कसं वागवावं, याचा विचार जगाने आधीच केला आहे. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतं. २०१९मध्ये अभिनंदन वर्धमान यांचा जखमी अवस्थेतला व्हिडिओ पाकिस्तानातून पसरला, तेव्हा भारत सरकारने याच आधारावर निषेध केला आणि आपण सगळे संतापलो. घरी बसलेली खलाशाची बायको युद्धकैदी नाही, हे कलम तिला लागू होत नाही, ठाऊक आहे. पण संताप ज्या भावनेतून आला, ती भावना आपल्या वाहिन्यांसमोर कुठे जाते?

दत्ताराम, म्हापसा

अवधूत, जिनिव्हा मध्ये आणू नका, त्याने मुद्दा पातळ होतो. सुमनताईंची तक्रार एका कार्यक्रमाची आहे, मिनिटं लिहून केलेली आहे, त्यात मला खोट दिसत नाही. माझा आक्षेप "सगळ्यांनी लिहा" याला आहे आणि तो कायम आहे. एकाच मजकुराचे शंभर मेल गेले तर वाहिनी म्हणणार, ही ठरवून केलेली मोहीम. मग त्या सुनेचं म्हणणं बाजूला पडेल. आणि एक विचारतो: तक्रारीला तिची संमती आहे का? तिचं नाव पुन्हा चर्चेत यावं, असं तिला वाटतं का?

सुमन, फोंडा

तिला विचारूनच केली. तिने एकच अट घातली, नाव आणि जहाज कुठेही लिहायचं नाही. नवऱ्याचा फोन काल आला, सुखरूप आहे. तरी व्हिडिओ काढायला लावा, असं तिचं म्हणणं आहे, कारण मुलगा शाळेत जातो आणि तिथे पोरं त्याला तो दाखवतात.

ठरावीक मजकूर मी कोणाला देणार नाही, दत्ताबाब. ज्याने स्वतः पाहिलं, त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावं. वाहिनीने मूळ व्हिडिओतला समज दिल्याचा भाग काढून टाकलाय असं दिसतं. थेट प्रसारण कोणी सेट टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केलं असेल तर कृपया उद्यापर्यंत कळवा.