चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांखालचे प्राचीन बंदर उघडून दाखवावे का?

आगरकरी: बार्सिलोनाच्या प्लासा देल रेय या चौकात १९३१ साली एक जुना वाडा दुसरीकडून दगड दगड सुटा करून आणून उभारला जात असताना पाया खणला, तेव्हा खाली रोमन बार्सिनो नगरी लागली. आज त्या चौकाखाली उतरून रंगाऱ्यांच्या कार्यशाळा, द्राक्षमद्याची जागा आणि मासळी खारवण्याच्या टाक्या जागच्या जागी पाहता येतात. (खारवलेल्या मासळीमुळे ती नगरी आपल्याला फार परकी वाटू नये.) आपले अलिबागजवळचे चौलही प्राचीन बंदर, ग्रीक लेखनात ते ‘सेमिल्ला’ म्हणून येते आणि डेक्कन कॉलेजच्या उत्खननांत तेथे प्राचीन वस्तीचे अवशेष मिळाले. तरीही पाहुणा शेजारच्या रेवदंड्याचा पोर्तुगीज तट पाहून परततो. निदान उत्खननाचा एक चर छपराखाली उघडा ठेवावा.

पोफळीवाला: आपली कळकळ मान्य, पण तो चौक सार्वजनिक आहे आणि येथील थर लोकांच्या नारळी-पोफळीखाली आहेत. संरक्षित स्मारक जाहीर झाले की केंद्राच्या कायद्याने भोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई येते, त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. मग ज्याच्या वाडीत वीट सापडली, त्याने मुलासाठी खोली कोठे वाढवायची? अशा भीतीने सापडलेली वीट लोक मुकाट्याने पुरतील.

आगरकरी: म्हणूनच खाजगी वाडी नको, सरकारी जागा शोधावी असे मी म्हणतो. वसईजवळच्या सोपारा या प्राचीन बंदरात १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी स्तूप खणला. त्यातील करंडक आणि बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. वस्तू जपल्या गेल्या हे खरेच, परंतु स्थळ पाहणाऱ्याच्या वाट्याला विटांचा चौथराच येतो.

खाडीकाठची: जागा सरकारी मिळाली, तरी पाणी कोणाचे ऐकते? बार्सिलोनात वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, येथे चार महिन्यांतच त्याच्या तिप्पट; आणि समुद्राजवळच्या जमिनीत थोडे खणले तरी झरा लागतो. भिजणे-सुकणे चालू राहिले, तर क्षार वर येऊन जुनी वीट पापुद्र्यांनी सुटते. नोंदी, छायाचित्रे आणि मोजमापे घेऊन चर पुन्हा बुजवणे ही पुरातत्त्वातील मान्य पद्धत आहे; तिला दडपणे म्हणणे अन्यायाचे होईल. छप्पर घालाच, पण श्रावणात पंपाचे वीजबिल कोणत्या खात्याने भरायचे, हे आधी लिहून घ्या.