खझाद-डूमचा पूल वॉटरकलरमध्ये रंगवायचाय, पण काळोखाचा चिखल होतोय

निळी_शाई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतेय. टोल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज मी अकरावीच्या सुट्टीत दादाच्या कपाटातून काढून वाचलं, निम्मं इंग्रजी डोक्यावरून गेलं होतं पण मोरियाच्या (म्हणजेच खझाद-डूमच्या) खाणीतला तो पुलावरचा प्रसंग वाचून रात्री दीड वाजता पांघरुणात बसून रडले होते हे अजून आठवतं. दादा दिवाळीत घरी येतोय, त्याला तोच प्रसंग रंगवून द्यायचाय. म्हातारा जादूगार गँडाल्फ पुलावर आणि समोर बाल्रॉग, तो आग आणि सावलीचा राक्षस.

ए३ साइज, ३०० जीएसएमचा (जाडसर) कोल्ड प्रेस, म्हणजे जरा खरखरीत कागद, ट्यूबमधले वॉटरकलर. दोनदा करून झालं. पहिल्यांदा पुलाखाली सगळा लाव्हा आणि वर आगीचा डोंगर, पूर्ण झाल्यावर बघते तर सिनेमाचं पोस्टर झालेलं, माझ्या मनात जे होतं ते त्यात कुठेच नाही. दुसऱ्यांदा काळोखासाठी ट्यूबमधला काळा घेतला, थरावर थर देत गेले, कागदाचे तंतू उठले आणि नुसता चिखल, राखाडी झग्यातला गँडाल्फ त्यात दिसेनासाच झाला. वॉटरकलरमध्ये एवढा काळोख येतच नाही का? मीडियम बदलू का? पाच आठवडे आहेत हातात.

पानोपानी
रंगांचं इथले जाणकार सांगतील, मी पुस्तकाचं बोलतो कारण ते पाच-सहा वेळा वाचून झालंय. तू पेन्सिल हातात घेऊन ते प्रकरण परत वाच, पहिल्या भागातलं, खझाद-डूमचा पूल. पुलाखाली आग नाहीचे! आगीची भेग आहे ती मागे, दालनाच्या जमिनीवर आडवी, पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूला. पूल ज्या दरीवर आहे ती काळी आहे, तळ दिसत नाही. पुलाला कठडा नाही, एकाच कमानीत ५० फूट, म्हणजे साधारण १५ मीटर, आणि एका वेळी एकानेच जायचं इतका अरुंद. दालनाचे खांब झाडाच्या बुंध्यांसारखे कोरलेले, काळे गुळगुळीत, त्यांच्यावर मागच्या आगीची लाल झाक पडते. म्हणजे लाल रंग हवाच पण तो मागे आणि खांबांच्या कडांवर. पुढे सगळा अंधार.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. गँडाल्फ दम देतो त्यानंतर बाल्रॉगमधली आग विझत आल्यासारखी होते आणि अंधार वाढतो. गँडाल्फ त्यात लहानसा, एकटा, वाकलेला दिसतो, वादळाआधीच्या एखाद्या खंगलेल्या झाडासारखा. त्या क्षणी आग नाही, काळोख मोठा आहे, आणि मला वाटतं तू रात्री दीडला रडलीस ती ह्या एकटेपणाने रडलीस. तुझ्या पहिल्या चित्रात हेच राहून गेलं असणार.

अजून एक, बाकीची मंडळी तेव्हा कुठे असतात बघ. अॅरागॉर्न आणि बोरोमिर पुलाच्या अलीकडच्या टोकाला थांबलेत, उरलेले दालनाच्या शेवटच्या दाराशी वळून बघतायत. तू त्या दारातून बघ. हॉबिटच्या, म्हणजे गोष्टीतल्या त्या बुटक्या माणसांच्या उंचीवरून, म्हणजे जमिनीपासून तीनेक फुटांवर डोळे. गँडाल्फ पाठमोरा दिसेल. काठी त्याच्या डाव्या हातात, तलवार उजव्या हातात थंड पांढरी चमकतेय. पाठमोरा असल्यामुळे काठी चित्रातही डावीकडेच येईल, समोरून काढणारे बरेच जण इथे गोंधळतात.

ओला_ब्रश
वर पानोपानींनी सांगितलं ते लाख मोलाचं आहे, आधी ते करा. मी लहान मुलांना चित्रकला शिकवते, रात्रीच्या चित्रात हा चिखल दर वर्षी बघते, त्यामुळे मनावर घेऊ नका.

वॉटरकलरमध्ये काळोख येतो हो, अगदी येतो. सावंतवाडीच्या हळदणकरांचं ग्लो ऑफ होप आठवा, हातात दिवा घेतलेली बाई, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे ते. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात पण ते हळदणकरांचं आहे आणि ते वॉटरकलर आहे! दिव्याआड धरलेल्या हाताच्या बोटांतून उजेड झिरपतो. त्यात दिव्याजवळ कागद किती हलका ठेवलाय आणि बाकी सगळं त्या एका उजेडासाठी कसं मागे सारलंय ते बघत बसा थोडा वेळ. दिवा उजळ दिसतो तो भोवतालच्या अंधारामुळे.

आता तुमचा चिखल का झाला. थर अर्धवट ओला असताना त्यावर दुसरा दिलात की खालचा रंग उठतो आणि सगळं मिसळून मळकट होतं, वर घासलंत म्हणून तंतू उठले. ट्यूबमधला काळा एकटा वापरला की मेल्यासारखा दिसतो. त्याऐवजी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या, पाणी अगदी कमी, दाट साईसारखं कालवा. दरीकडे निळा जास्त, आगीकडे सिएना जास्त, म्हणजे अंधारातसुद्धा ऊब आणि गारवा वेगळे दिसतील. एका दमात, फार तर दोन हात, आणि मधे पूर्ण वाळू द्या. वॉटरकलर वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना भीती वाटेल इतका गडद लावा.

तलवारीचा पांढरा आधी राखून ठेवायचा. मास्किंग फ्लुइड (कागदावर रंग बसू न देणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) लावताना जुना ब्रश घ्या, आधी साबणाच्या पाण्यात बुडवा नाहीतर केस चिकटून ब्रश जाईल. आणि कागद खडखडीत वाळल्यावरच ते काढा.

सर्वात आधी मात्र पोस्टकार्डाएवढे सहा-सात चौकोन काढून नुसत्या पेन्सिलीने तीनच छटा भरा, पांढरी, मधली, गडद. डोळे बारीक करून बघा. गँडाल्फ तिथेच हरवत असेल तर रंगातही हरवणार.

गेरू_आणि_चुना
थोडं वेगळं मत. अंधार एवढा मोठा असेल तर काळ्या कागदावर गवाश, म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर, का नाही करत? काळोख आयता मिळतो, फक्त उजेड रंगवायचा. चुकलं तर वरून झाकता येतं, पाच आठवड्यांत ते महत्त्वाचं. फक्त गवाशमध्ये फिके रंग वाळल्यावर थोडे गडद होतात आणि गडद रंग फिके, तेव्हा बाजूला एक तुकडा ठेवून प्रत्येक मिश्रण वाळवून बघायचं. मी गेल्या वर्षी गुहेचं चित्र असं केलं होतं, चार रात्रींत झालं.

ओला_ब्रश
गवाशने होईल, नाही म्हणत नाही. पण काळ्या कागदावर सगळ्या कडा कापल्यासारख्या येतात, आणि इथे अंधार धुरासारखा पसरतोय. ओल्यात ओला सोडलेला रंग ते आपोआप करतो. ह्या प्रसंगाला मला वॉटरकलरच योग्य वाटतो. अॅलन ली यांनी लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या १९९१ च्या सचित्र आवृत्तीसाठी ५० चित्रं केली तीही वॉटरकलरमध्येच.

निळी_शाई
बापरे, एवढं सगळं! काल रात्री प्रकरण परत वाचलं आणि खरंच पुलाखाली आग नाहीये, इतकी वर्षं मी सिनेमाच आठवत होते. आठ चौकोन काढले. दारातून बघितल्यावर पूल एकदम बारीक दिसतो आणि गँडाल्फ अंगठ्याच्या नखाएवढा, आधी वाटलं फारच लहान झाला पण डोळे बारीक केले तर नजर तिथेच जाते. वॉटरकलरच करणार.

दोन प्रश्न. बाल्रॉगला पंख काढू की नको? आणि कागदाच्या कडा मेणबत्तीने जाळून जुनाट करू का?

पानोपानी
पंखांवरून लोक वर्षानुवर्षं भांडतायत. पुस्तकात आधी त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरते असं येतं, थोड्या वेळाने सरळ पंख भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरले असं येतं. तुझ्या चित्रात सावलीच पसरू दे, कड काढूच नकोस, ज्याला पंख दिसायचे त्याला दिसतील. तुझ्या दादाला काय दिसतं ते त्यालाच विचार.

कडा जाळण्यावरून आठवलं, टोल्किनने स्वतः हे केलंय! मोरियात सापडणारी ड्वार्फ, म्हणजे खाणीत राहणाऱ्या ठेंगण्या लोकांची ती फाटकी वही आहे ना, माझारबूलची, तिची तीन पानं त्याने हाताने बनवली होती, फाडून, डाग पाडून, कडा जाळून. पुस्तकात छापायची त्याची फार इच्छा होती पण रंगीत छपाई महाग पडते म्हणून १९५४ साली राहूनच गेली. नुसतं लिहून त्याचं समाधान होत नव्हतं, ते पान हातात घेता यावं असं त्याला वाटत होतं, मला हे फार आवडतं. पण ती जळकी वही होती म्हणून जळके कागद. तुझा तर पूल आहे.

ओला_ब्रश
अहो जाळू नका, महागाचा कागद आहे! त्यापेक्षा चारी बाजूंनी बोटभर कोरा पांढरा कागद सोडा, टेप लावून. एवढ्या अंधाराभोवती तो पांढरा लागेलच.

निळी_शाई
बरं, जाळत नाही. आज तलवारीवर आणि काठीच्या टोकाशी मास्किंग लावलंय, मागची लाल झाक दिलीये, ती वाळतेय. उद्या सकाळी काळोख घालते.