बीजिंगचं सरकार वेगळं, चिनी माणूस वेगळा

"चीनपुढे लोकशाहीची भाषा बोलून उपयोग नाही, तिथं फक्त ताकद चालते," असं अनेकजण म्हणतात. अर्धं पटतं. 2020 मध्ये लडाखच्या गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले 20 जवान शहीद झाले, तिथं भाषणं कामाची नव्हती.

पण 1946 आठवा. स्वातंत्र्याच्या आधीच भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. तेव्हा आपल्या हातात कुठली ताकद होती? 1959 ला दलाई लामांना आसरा दिला, तोही किंमत मोजून. म्यानमारमध्ये मात्र 1988 ला लोकशाहीवाद्यांच्या बाजूनं उभे राहिलो आणि पुढं काही वर्षांत लष्कराशी जुळवून घेतलं. ईशान्येची सीमा सांभाळायची होती, मान्य. तरी मला ते आजही खुपतं.

आमच्या सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलंय. 1938 ला काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 1942 मध्ये तिथंच वारले. वय अवघं 32. भाच्याला त्या स्मारकात घेऊन गेलो होतो. तो फोटोंपुढे थांबला आणि म्हणाला, "मामा, हे शत्रूच्या देशात कशाला गेले?" मी त्याला सांगितलं, ते माणसांकडे गेले होते, कुठल्या राजवटीकडे नाही.

धोरणातही हा फरक ठेवता येतो. सीमेवर ताठ राहा, आयातीवरचं अवलंबन घटवा. पण तिथल्या विद्यार्थ्यांना, पत्रकारांना दारं बंद करून आपल्याला काय मिळणार आहे?