पोलीस पाटलाची जागा निघाली आहे. चार एकर शेती सांभाळून हे काम जमतं का?

शाळू_बटाटा

नमस्कार मंडळी. गाव खटाव तालुक्यातलं, वय ३१, शिक्षण बी. ए. चार एकर रान आहे. खरिपाला बटाटा नि घेवडा, रब्बीला शाळू (ज्वारी), आणि विहिरीच्या पाण्यावर एकरभर कांदा. आमच्या गावची पोलीस पाटलाची जागा बरेच दिवस रिकामी होती. आता प्रांत कार्यालयाचा जाहीरनामा चावडीवर लागलाय आणि जागा खुल्या प्रवर्गाला आलीय.

नियम वाचून झालेत. मला विचारायचंय ते त्यात लिहिलेलं नाही. हे काम रोजचा किती वेळ खातं? आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात मी दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) रानात असतो. तेव्हाच गावात काही झालं तर? वडिलांचे गुडघे गेलेत, त्यांच्यानं आता पाणी पाजणं होत नाही. ते म्हणतात, "गावाचं वाईटपण विकत घेऊ नको." आई म्हणते, महिन्याला बांधीव पैसे येतील, भर फॉर्म. अर्जाला नऊ दिवस राहिलेत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी खरं काय ते सांगावं.

फॉर्म_ते_मुलाखत

मी मागच्या भरतीत दोन मार्कांनी राहिलो, त्यामुळं कागदाची बाजू सांगतो. लेखी ८० गुणांची, प्रश्न दहावीच्या पातळीचे, शिवाय आपल्या भागाची माहिती. तोंडी २० गुणांची. वय २५ ते ४५, दहावी पास, गावचा रहिवासी. शेती किंवा गावातला छोटा धंदा करायला १९६८ च्या सेवाशर्तींच्या आदेशातच मुभा आहे, फक्त कामाच्या आड येता कामा नये. बाहेरगावची पूर्णवेळ नोकरी चालत नाही, राजकारण चालत नाही. ग्रामपंचायतीला उभं राहायचं मनात असेल तर आत्ताच ठरव, दोन्ही एकदम होत नाही. जबाबदाऱ्या १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमात आहेत, मुलाखतीला हमखास विचारतात.

माणकाठ

मी सांगोला तालुक्यातल्या एका लहान गावचा. २००३ ला पोलीस पाटील झालो तेव्हा अडतिशीत होतो. २०२५ ला साठ भरली नि नोंदवह्या जमा करून मोकळा झालो. दर पाच वर्षांनी प्रांतांकडून मुदतवाढ घेत बावीस वर्षं काढली. शेती पाच एकर, त्यातलं अडीच एकर डाळिंब.

पोरा, तू वेळ विचारलास. तासांत नाही सांगता येत. महिन्यातले पंधरा-वीस दिवस कुणी हाकसुद्धा मारत नाही. समन्स घेऊन हवालदार आला तर घर दाखवायचं, ठाण्यातल्या बैठकीला जायचं, जत्रेला नि निवडणुकीला बंदोबस्तात उभं राहायचं, कुणाला दाखला लागला तर द्यायचा. एवढ्यावर वाटतं की हे तर सहज जमतंय. मग एका रात्री फोन येतो आणि पुढचे दोन दिवस तुझे राहत नाहीत. त्यातली एक रात्र सांगतो, म्हणजे तुला अंदाज येईल.

२०२१ चा सप्टेंबर. डाळिंबाचा मृग बहार (पावसाळ्यात धरायचं पीक) धरलेला, फळं लिंबाएवढी झालेली. दोन दिवस झड लागून संध्याकाळी उघडलं. डाळिंबवाल्याला माहीत आहे, असा पाऊस उघडला की तेल्या रोगाच्या आधी फवारा बागेत पोचला पाहिजे. पंप जोडून ठेवला होता. पावणेआठला फोन आला, अमक्याच्या शेततळ्यात पोरगं बुडालं.

सतरा वर्षांचा मुलगा. मोटारीच्या फुटबॉलला (पाण्यातल्या पाईपच्या टोकाच्या झडपेला) शेवाळ अडकलं म्हणून उतरला होता. पोहायला पट्टीचा, विहिरीवर मुटके मारणारा. पण शेततळ्याचा कागद विहिरीच्या दगडासारखा नसतो. पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक, त्यावर शेवाळ, नि चारी बाजूंना उतार. हात धरायला काही नाही. पोहणारा माणूस तिथं पोहून पोहून दमतो नि काठावर येऊन बुडतो. २०१६ ला मागेल त्याला शेततळं मिळायला लागल्यापासून आमच्या शिवारात अशी सतरा तळी झाली होती. त्या पाण्यावर आमच्या बागा जगल्या, हेही खरं.

मी पोचलो तोवर लोकांनी बाहेर काढलेलं होतं. डॉक्टरनं बघितलं, काही उरलं नव्हतं. ठाण्याला फोन केला. ओढ्याला पाणी असल्यानं गाडी पहाटेशिवाय येत नाही असं कळलं. तोवर तिथून हलायचं नाही, कुणाला काही हलवू द्यायचं नाही, हे पोलीस पाटलाचं काम. त्याची आई चादर घेऊन आली. पांघरू द्या म्हणाली. मी पांघरू दिलं, ओल्या अंगावरची कुठलीच गोष्ट हलवू दिली नाही, आणि तिच्याशेजारी मातीत बसलो. ती रात्रभर एकच विचारत होती, की त्याला थंडी वाजत असेल का. बाकी कुणी काही बोललं नाही.

बॅटरी मारून तळ्याच्या कडा बघितल्या तर पूर्वेच्या बाजूला शेवाळात बोटांच्या रेघा होत्या. चार-चार, वरून खाली, पाण्याच्या वर वीतभर. एका जागी नाही, पाच-सहा ठिकाणी. पोरगं काठाकाठानं सरकत वर यायला बघत होतं. पुन्हा पाऊस आला असता तर रेघा धुऊन गेल्या असत्या, म्हणून त्या कडेवर ताडपत्री अंथरली, चारी कोपऱ्यांना दगड ठेवले आणि मोबाईलवर फोटो काढले.

हे एवढं का केलं, ऐक. तोपर्यंत गावात कुजबुज सुरू झाली होती की पोरानं जीव दिला, परीक्षेवरून घरात बोलणी झाली होती म्हणे. सकाळी साहेब आले. अकस्मात मृत्यूचा पंचनामा सुरू झाला (तेव्हा कलम १७४ होतं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १९४). मी ताडपत्री उचलून रेघा दाखवल्या. मरायला गेलेलं माणूस असं वर चढत नाही. ते शब्दांनिशी पंचनाम्यात आलं. पुढं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विम्याचे कागद केले. सातबारा बापाच्या नावावर, आणि खातेदाराच्या घरातल्या एका माणसालाही ती योजना लागू आहे. त्या कागदांत पोलीस पाटलाचा माहिती अहवाल लागतो, आणि आत्महत्या असेल तर पैसे मिळत नाहीत. दोन लाख मिळाले. दोन लाखांनी पोरगं येत नाही. पण त्या माउलीला "माझ्या पोरानं जीव दिला नाही" हे कागदावर मिळालं. तिनं पंचनाम्याची झेरॉक्स देव्हाऱ्याच्या मागं ठेवली आहे, मी बघितली आहे.

दोन दिवसांनी घरी आलो तर बागेत तेल्या दिसला होता. त्या वर्षी निम्मा माल फोडावर, म्हणजे डागी फळांच्या भावात, गेला. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. रान कुणासाठी थांबत नाही. त्या वर्षापासून आमच्या घरच्यांनी, म्हणजे बायकोनं, फवारणी हातात घेतली. मोरचूद वेगळं, चुना वेगळा भिजवते, मिसळल्यावर विळ्याचं पातं बुडवून बघते, तांबूस चढलं तर आणखी चुना घालते. तिनं बाग धरली म्हणून मी पुढची चार वर्षं पाटील राहिलो. तुझ्या घरात रात्रीचं दारं धरणारं दुसरं कोण आहे, हे आधी बघ. वडिलांना होत नाही म्हणतोस. बायकोला विचारलंस का? तिच्याशी बोलल्याशिवाय फॉर्म भरू नको.

आणि त्या सतरा तळ्यांना मी दोर बांधले. सरकारी पैसा नाही, कुणाचा आदेश नाही. ज्याचं तळं त्यानं दोर आणायचा नि मी जाऊन बांधून द्यायचा, असं ठरवलं. दोघांनी आणला नाही, त्यांना मी माझ्याकडचा बांधला.

आता वाईटपणाचं. वडील चुकीचं सांगत नाहीत. माण नदीतली वाळू रात्री उचलायचे, त्यात माझ्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा होता. मी कळवलं. तो चार वर्षं माझ्या दारात आला नाही, पोरीच्या लग्नाचं आवतण दिलं नाही. मांडव आमच्या अंगणातून दिसत होता, अक्षतांचा आवाज येत होता, आणि आम्ही दोघं घरात बसून होतो. तो दिवस मला अजून जड जातो. पण दुसऱ्याच्या पोराचं नाव दिलं असतं नि भावकीचं झाकलं असतं, तर पुढं गावात एकाही भांडणात मला मधे पडता आलं नसतं. बांधाच्या भांडणात लोक माझं ऐकायचे, ते त्या एका कळवण्यामुळं.

पैशाचं आईंना सांग, मानधन साडेसहा हजार होतं, २०२४ ला पंधरा हजार झालं. चांगलं आहे. पण ते दर महिन्याला येईलच असं धरून त्यावर हप्ता घेऊ नको, आमचं कधी कधी तीन-तीन महिने मागं पडायचं. दुकानदाराची उधारी त्या भरवशावर केली की माणूस मिंधा होतो, आणि पाटलानं गावात कुणाचं मिंधं असू नये.

एक जुनी गोष्ट. आमच्या गावात अजून काही जण "खरे पाटील आम्ही" म्हणतात. वतनी, म्हणजे वारशानं चालणारी, मुलकी पाटीलकी १ जानेवारी १९६३ ला गेली. तू परीक्षा देऊन येशील. कुणी तसं म्हणालं तर वाद घालू नको, त्यांच्याही दारात पहाटे तीनला जायची वेळ येते, तेव्हा जा.

सोयाबीन_औसा

माणकाठ काका, वाचून थांबले थोडा वेळ.

मी लातूरकडची, महिला राखीव जागेवर लागले, सहावं वर्ष चालू आहे. तीन एकर सोयाबीन-तूर. दादा, तुमच्या यादीत एक भर घाला. रात्रीचे फोन मयतीचेच असतात असं नाही. माझ्याकडं जास्त फोन घरातल्या मारहाणीचे येतात आणि ते बायका करतात, कारण पाटील बाई आहे. सुरुवातीला लोक यायचे आणि माझ्या नवऱ्याला विचारायचे, "पाटील आहेत का?" ते एकच म्हणायचे, "आत आहेत, हाक मारतो." वर्षभरात लोकांना सवय झाली.

अक्षय तृतीयेच्या आधीचे पंधरा दिवस मी पाव्हण्यारावळ्यांकडं जात नाही. बालविवाह तेव्हाच ठरतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) असतात, पण कुठल्या घरात पत्रिका न छापता मांडव पडतोय हे आधी आपल्याला कळतं. मागच्या वर्षी एका मुलीचं थांबवलं. शाळेच्या दाखल्यावर पंधरा वर्षं दोन महिने होती. तिची आजी मला चौकात वाट्टेल ते बोलली. मुलगी आता अकरावीला आहे, एसटीच्या थांब्यावर दिसली की हसते, बोलत नाही. आजीसुद्धा बोलत नाही.

शेतीचं म्हणाल तर पेरणी आणि रास या दोन वेळा मी जाऊबाईंबरोबर सावड धरली आहे. माझ्या गैरहजेरीत त्या, त्यांच्या अडचणीला मी. तुम्हीही तसं कुणाशी आधीच बोलून ठेवा.

शाळू_बटाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं उत्तर रात्री घरात मोठ्यानं वाचलं. वडील ऐकत होते. वाळूच्या जागी आल्यावर म्हणाले, "पुन्हा वाच." मग उठून झोपायला गेले, हो-नाही काही बोलले नाहीत.

बायकोशी बोललो. ती म्हणाली, दारं धरायला तिला भीती नाही, रानात एकटीला रात्री सापाची आहे. वस्तीवरच्या चुलतभावाबरोबर सावड धरायचं ठरतंय, त्याची लाईट आमच्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) आहे, म्हणजे पाणी एकाच आठवड्यात येतं. तो हो म्हणाला तर फॉर्म भरणार.

आज सकाळी आमच्या शिवारातली शेततळी बघून आलो. नऊ आहेत. दोर एकालाही नाही. दोघांना तर कुंपणही नाही, आणि त्यातलं एक शाळेच्या वाटेवर आहे. काका, दोर कसला घ्यायचा नि कसा बांधायचा?

माणकाठ

नायलॉनचा घे, अंगठ्याएवढा जाड. बारीक दोर ओल्या हातात धरवत नाही, कापतो. हात-हात अंतरावर गाठी मार. चारी बाजूंना एक-एक सोड, एकाच बाजूला नको, दमलेला माणूस तळं ओलांडून येऊ शकत नाही. टोक तळापर्यंत जाऊ दे, कारण उन्हाळ्यात पाणी खाली जातं नि दोर वरच लटकत राहतो. वरचं टोक कुंपणाच्या खांबाला बांधू नको, ते खांब उपटून येतात. बांधाच्या बाहेर लोखंडी पहारीएवढा खुंटा ठोक. गाडीच्या जुन्या ट्यूबा मिळाल्या तर हवा भरून दोराला एक-एक अडकव. उन्हानं दोर सडतो, दोन उन्हाळे झाले की बदल.

शाळेच्या वाटेवरचं आधी कर. त्याला फॉर्म भरायची वाट बघू नको.